माती आधी, खाण नंतर

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ) निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले: समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. काही आठवड्यांतच अनेक देशांतल्या मोटार कारखान्यांना चुंबकांची टंचाई भासू लागली आणि एरवी रसायनशास्त्राच्या पुस्तकाबाहेर न दिसणारी ही नावे बातम्यांत झळकू लागली. तेव्हापासून सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे: ही मूलद्रव्ये कोणाच्या ताब्यात आहेत? मला त्याच्या आधीचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. ती जिथे सापडतात तिथे ती साचली कशी? हे नीट समजून घेतले, तर ती कशी काढावीत आणि कुठे हात लावू नये, याचेही बरेचसे उत्तर हाती येते.

आधी गरज कुठून आली ते पाहू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक तयार केला. त्याच्या वजनात सुमारे तीस टक्के वाटा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा असतो. आज बहुतेक विजेच्या मोटारींच्या इंजिनात असा एखाद-दोन किलो चुंबक असतो. समुद्रात उभ्या केलेल्या, गिअरपेटीशिवाय चालणाऱ्या पवनचक्क्यांना तर प्रत्येक मेगावॉटमागे साधारण ६०० किलो चुंबक लागतो. पण निओडिमियमच्या या चुंबकात एक उणीव आहे. तापला की त्याचा जोर ओसरतो, आणि चालत्या मोटारीत तापणे अटळ असते. त्यावर उपाय म्हणून त्यात थोडे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळतात. प्रमाण थोडे असले तरी त्यावाचून चुंबक उष्णतेत टिकत नाही.

निओडिमियम मोठ्या खडकाळ खाणींतून मिळते. चीनमधील बायान ओबो आणि अमेरिकेतील माउंटन पास या त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या. मात्र तिथल्या खनिजात सिरियम, लँथॅनम, निओडिमियम भरपूर आणि डिस्प्रोशियम नावापुरते. डिस्प्रोशियम-टर्बियमसारखी जड गटातली, म्हणजे जास्त अणुभाराची मूलद्रव्ये जगाला मिळतात ती मुख्यतः मातीतून. दक्षिण चीनमधल्या च्यांगशी प्रांतात, गानझोऊ भागात, १९६९ मध्ये अशा मातीचा पहिला साठा ओळखला गेला. डोळ्यांना ती साधी लालसर-पांढरी चिकणमाती दिसते. त्यात चमकणारे खनिज नाही, धातूची शीर नाही. दुर्मिळ मृदा ऑक्साइडांचे प्रमाण अवघे ०.०५ ते ०.२ टक्के. इतक्या हलक्या प्रतीच्या मातीला खनिज म्हणायचे का, असा प्रश्न कोणालाही पडेल. म्हणायचे, कारण त्या मातीवर निसर्गाने आधीच फार मोठे काम करून ठेवलेले आहे.

हे काम सुरू होते ग्रॅनाइटमध्ये. खोल जमिनीत शिलारस थंड होताना दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत सहजी मावत नाहीत. ती शेवटपर्यंत रसात मागे उरतात आणि अखेर बारीकसारीक खनिजांत जाऊन बसतात. त्या खनिजांची जात कोणती, यावर पुढचे सगळे ठरते. ती मोनाझाइट, झेनोटाइम किंवा झिरकॉन अशी चिवट असतील, तर खडक फुटून माती झाली तरी ती तशीच राहतात आणि धातू सोडत नाहीत. ती अॅपेटाइट, अॅलानाइट किंवा फ्लोरिनयुक्त कार्बोनेटे अशी दुबळी असतील, तर पावसाच्या पाण्यात विरघळतात.

पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतो. सौम्य कार्बोनिक आम्ल बनलेले हे पाणी जमिनीत शिरताना कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली आम्लेही सोबत घेते. उष्ण, दमट हवामानात, दर वर्षी भरपूर पाऊस पडणाऱ्या टेकड्यांवर, असे पाणी ग्रॅनाइटच्या फेल्डस्पारला हळूहळू पोखरते आणि त्याची चिकणमाती करते. बहुतांशी ती केओलिन गटातली. शाळेच्या भूगोलात आपण याला रासायनिक विदारण म्हणतो. खडकाचा आधी भुसभुशीत मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि हा थर दहा, वीस, कधी तीस मीटर खोल जातो. हे काम फार मंद: दहा लाख वर्षांत काही मीटर, फार तर काही दशक मीटर खडक कुजतो.

दुबळी खनिजे विरघळली की त्यांतली दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये तीन धन भारांचे आयन होऊन पाण्याबरोबर खाली झिरपू लागतात. वरच्या थरात पाणी आम्ल असते, म्हणून ती तिथे ठरत नाहीत. खाली जाताना पाण्याची आम्लता कमी होते, सामू वाढतो आणि चिकणमातीच्या कणांवरचा ऋण भार या आयनांना धरू शकतो. तिथे ती थबकतात. वरून आणखी येत राहतात, थर समृद्ध होत जातो. सिरियम मात्र या प्रवासात सामील होत नाही. वरच्या, हवेशीर थरात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन त्याला चौथा भार मिळतो आणि ते तिथेच ऑक्साइड होऊन बसते. म्हणून अशा मातीच्या उभ्या छेदात वर सिरियम जास्त आणि खाली कमी आढळते. या गटातले सर्वांत मुबलक आणि तुलनेने स्वस्त मूलद्रव्य निसर्गानेच वेगळे काढून ठेवलेले असते.

या आयनांना मातीने नेमके कसे धरले आहे, हे मादागास्कर आणि चीनमधल्या नमुन्यांवर क्ष-किरणांच्या साह्याने पाहिलेल्या संशोधनातून २०२० मध्ये स्पष्ट झाले. प्रत्येक आयनाभोवती आठ-नऊ पाण्याच्या रेणूंचे कडे असते आणि त्या कड्यासकट तो केओलिनच्या कणावर टेकलेला असतो. धातू आणि माती यांच्यात थेट बंध नाही. भिंतीला ओलाव्याने चिकटलेला कागद जसा अलगद सुटतो, तसा हा आयन दुसऱ्या एखाद्या आयनाने जागा मागताच सुटतो.

टेकडीचा उतारही मोलाचा असतो. धूप फार वेगाने झाली, तर माती साचण्याआधीच वाहून जाते. धूप अगदीच मंद असली, तर पाणी मूलद्रव्यांना धुऊन पार खाली नेते. वरून जितके जाते तितके खालून तयार होते, असा तोल लाखो वर्षे टिकला की मूळ खडकाच्या दुप्पट ते पाचपट मूलद्रव्ये एका थरात गोळा होतात. ऐकायला हे वाढणे किरकोळ वाटते. पण मूळ खडकात ती स्फटिकांत कोंडलेली होती आणि इथे मोकळी आहेत. खाणकामाच्या दृष्टीने आकड्यापेक्षा हाच बदल मोठा.

विदारणाने घडवलेले हे एकच रूप नाही. चिवट मोनाझाइट नद्यांबरोबर वाहत समुद्रकाठच्या वाळूत जाऊन साचते. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरचे साठे याच प्रकारचे, पण त्यांत थोरियमची किरणोत्सारिता असते आणि जड मूलद्रव्ये कमी. ऑस्ट्रेलियातल्या माउंट वेल्डला सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या कार्बोनेटाइट खडकातला विरघळणारा भाग पाण्याने नेला आणि मागे जगातल्या अतिशय समृद्ध साठ्यांपैकी एक उरला. चिकणमातीचा साठा या सगळ्यांत हलक्या प्रतीचा आणि तरीही सर्वांत सुकर.

सुकर म्हणजे किती, तर तिथे सुरुंग लावावे लागत नाहीत. खडक दळावा लागत नाही. बायान ओबोच्या खनिजासारखे तीव्र गंधकाम्लात भाजावे लागत नाही. थोरियम आणि युरेनियम बहुतांशी न विरघळता मागे राहिलेले असल्याने किरणोत्सारी गाळाची अडचण फारच कमी. टेकडीच्या माथ्यावर भोके पाडायची, त्यांत अमोनियम सल्फेटचे पाणी सोडायचे. अमोनियम आयन मातीवरची जागा घेतात, दुर्मिळ मृदा आयन सुटून पाण्यात येतात, पाणी पायथ्याशी चरांत गोळा होते, हौदांत अमोनियम बायकार्बोनेट किंवा ऑक्झॅलिक आम्ल टाकले की धातू साक्याच्या रूपात खाली बसतात. बहुतेक ऊर्जाखाऊ काम पावसाने आधीच केलेले आहे. कमी कार्बनच्या तंत्रज्ञानाला हा साठा शोभून दिसतो तो यामुळे. आणखी एक नाते आहे. सिलिकेट खडकांचे हेच विदारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपाने बांधते, नद्या तो समुद्रात नेतात आणि त्याचा चुनखडक होतो. लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीचे तापमान आवाक्यात ठेवणाऱ्या क्रियांपैकी ही एक प्रमुख. ज्या प्रक्रियेने हवेतला कार्बन उतरवला, तिनेच आपल्या मोटारींसाठी डिस्प्रोशियम मोकळे करून ठेवले.

आता माझा मुद्दा. जो सैल बंध या साठ्याला स्वच्छ बनवू शकतो, तोच त्याला बेबंद बनवतो. खडकाच्या खाणीला भांडवल लागते, यंत्रे लागतात, मोठी कंपनी लागते. अशा कंपनीवर डोळा ठेवता येतो, तिच्यावर खटला भरता येतो. चिकणमातीच्या साठ्याला खताची पोती, प्लास्टिकचे नळ आणि ताडपत्री घातलेले हौद पुरतात. काही महिन्यांत माल घेऊन निघून जाता येते. या साठ्याच्या रसायनशास्त्रातच अनियंत्रित उपशाचे आमंत्रण आहे, आणि म्हणून इतर खाणींसाठी केलेले नियम इथे अपुरे पडतात.

आमंत्रण स्वीकारल्यावर काय होते, हे गानझोऊने दाखवले. सुरुवातीच्या काळात टेकड्यांवरची झाडी आणि माती खरवडून हौदांत आणि ढिगांत धुतली जाई. माती ०.०५ टक्के प्रतीची असेल, तर एक टन ऑक्साइडसाठी २,००० टन माती उपसावी लागते, हा साधा गुणाकार आहे. उघडे पडलेले उतार पावसात नद्यांत गेले. मग टेकडी न खोदता जागेवरच द्रावण सोडण्याची पद्धत आली आणि ती सुधारणा म्हणून मिरवली गेली. डोंगर हिरवा राहिला, हे खरे. पण मातीच्या कणांवर दुर्मिळ मृदा आयनांच्या जागी आता अमोनियम बसलेले असते. खाण बंद झाल्यावरही पाऊस त्याला वर्षानुवर्षे सोडवत राहतो आणि ते अमोनिया किंवा नायट्रेट होऊन विहिरी-ओढ्यांत उतरते. भिजलेले उतार घसरतात. जे द्रावण चरांत येत नाही, ते भूजलात जाते, आणि टेकडीच्या पोटातली भेग कुठे जाते हे कोणी आधी तपासलेले नसते. २०१२ मध्ये चीनच्या उद्योग खात्याच्या उपमंत्र्यांनी गानझोऊची हानी भरून काढायला ३८ अब्ज युआन लागतील असे सांगितले. त्याच वर्षी चिनी सरकारच्या श्वेतपत्रिकेने या उद्योगाने केलेली पर्यावरणहानी मान्य केली.

पुढे चीनने आपल्याकडच्या खाणी आवळल्या. मातीतल्या खनिजाचा अधिकृत कोटा वर्षाला १९,१५० टनांवर गोठला. मागणी मात्र वाढत होती. उपसा सरहद्द ओलांडून म्यानमारच्या काचिन राज्यात गेला. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२२ मध्ये उपग्रहचित्रांवरून तिथे जवळपास ३०० ठिकाणी २,७०० हून अधिक हौद मोजले, एकूण सिंगापूरएवढ्या टापूत. २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या डोंगरांत कायदा म्हणावा असे काही शिल्लक नव्हते. जगातल्या जड दुर्मिळ मृदेचा फार मोठा वाटा या निर्नायकीतून येऊ लागला आणि विजेच्या स्वच्छ मोटारींत जाऊन बसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये काचिन बंडखोर सेनेने पांगवा हे खाणकेंद्र घेतले, तेव्हा पुरवठाही विस्कळीत झाला. पुरवठ्याची सुरक्षितता हवी असेल तर पर्यावरणाचा बाऊ करू नका, असे सांगणाऱ्यांनी पांगवाकडे नीट पाहावे. जिथे पाण्याला कोणी वाली नसतो, तिथल्या मालाचाही भरवसा नसतो.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलक्यात घेत नाही. कोळसा आणि तेल यांनी केलेली हानी या काही टेकड्यांच्या तुलनेत अवाढव्य आहे. मग पवनचक्की आणि विजेच्या मोटारीच्या वाटेत धोंडे का टाकायचे? तुलना खरी आहे. कोळसा दरवर्षी अब्जावधी टन जळतो आणि राख, धूर, कार्बन यांखेरीज काही मागे ठेवत नाही. चुंबक पंधरा-वीस वर्षे चालतो आणि नंतरही त्यातला धातू तसाच असतो. या साठ्यांना हातच लावू नये, असे मी म्हणणार नाही. पण आक्षेपाच्या पोटात एक गृहीतक आहे: नीट काढायचे म्हटले तर परवडणार नाही. ते चूक आहे.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. एका मोटारीच्या चुंबकात डिस्प्रोशियम काही दशक ग्रॅम असते. मातीत ०.१ टक्का ऑक्साइड आणि त्यात पाच टक्के डिस्प्रोशियम धरले, तर एका टन मातीत ५० ग्रॅम मिळते. म्हणजे एका मोटारीसाठी सुमारे एक टन टेकडी. त्या एका टन मातीतले अमोनियम धुऊन काढायचे, उतार पुन्हा लागवडीखाली आणायचा, खालच्या विहिरींचे पाणी पुढची काही वर्षे तपासत राहायचे, या सगळ्याचा खर्च आख्ख्या मोटारीच्या किमतीत शोधूनही सापडणार नाही. तोच खर्च न केल्यास ज्या वस्तीची विहीर जाते, तिच्यासाठी मात्र ते सर्वस्व असते. इतकी विषम वाटणी जिथे आहे, तिथे खर्च कोणी उचलायचा यावर वाद होऊ नये.

तंत्रही थांबलेले नाही. अमोनियमऐवजी मॅग्नेशियम सल्फेट वापरले, तर अमोनियाचा प्रश्नच उद्भवत नाही, भूजलात जाणाऱ्या सल्फेटचा मात्र राहतो. ग्वांगझोऊच्या भूरसायन संस्थेतील संशोधकांनी मातीत विद्युत क्षेत्र लावून आयनांना ठरलेल्या दिशेने ओढण्याची पद्धत विकसित केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ९० टक्क्यांहून अधिक धातू निघाला आणि रसायन सुमारे ८० टक्के कमी लागले. नंतर त्यांनी ती ५,००० टन मातीवर करून दाखवली. मला यातले विशेष हे वाटते, की वीज पाण्याला वाट देते, आणि वाट ठरलेली असली की गळती कुठे होते हे कळते. वीज कशाची, हा प्रश्न अर्थातच उरतो.

दुसऱ्या टोकाला गरजच कमी करता येते. डिस्प्रोशियम सगळ्या चुंबकात न मिसळता फक्त कणांच्या कडांवर पसरवले तरी काम भागते. होंडा आणि दाइदो स्टील यांनी २०१६ मध्ये जड दुर्मिळ मृदेशिवाय चालणारा चुंबक हायब्रिड गाडीत आणला. बीएमडब्ल्यू आणि रेनो चुंबकच नसलेली, तारेच्या गुंडाळ्यांची मोटर वापरतात. जुन्या चुंबकांतून धातू परत मिळवण्याचे काम मात्र अजून फारच थोडे होते, आणि ते तंत्राअभावी नाही. चुंबक यंत्रात असा चिकटवलेला असतो की काढायला माणूस परवडत नाही. सुटा होणारा चुंबक घडवण्याची सक्ती करणे, हा कोणत्याही सरकारच्या हातातला स्वस्त उपाय आहे.

एवढे शक्य असूनही घडत नाही, याचे कारण कायद्यांच्या याद्यांत सापडते. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याचे संघर्ष-खनिजांविषयीचे (ज्यांच्या विक्रीतून सशस्त्र टोळ्यांना पैसा मिळतो अशा खनिजांविषयीचे) कलम आणि युरोपीय संघाचा २०१७ चा नियम कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने या चौघांपुरते आहेत. युरोपचा २०२३ चा बॅटरी कायदा कोबाल्ट, ग्रॅफाइट, लिथियम आणि निकेल कुठून आले याची चौकशी करायला लावतो. त्याच मोटारीत, बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवलेला चुंबक या यादीत नाही. युरोपच्या २०२४ च्या महत्त्वाच्या कच्च्या मालाविषयीच्या कायद्याने चुंबक कोणत्या प्रकारचा आहे हे वस्तूवर सांगण्याची तरतूद केली, ही चांगली सुरुवात. पण आतले टर्बियम कोणत्या टेकडीतून आले, हे सांगायचे बंधन त्यात नाही. मूळ शोधता येत नाही, अशी सबब दिली जाते. वेगळे करण्याच्या कारखान्यात दहा ठिकाणचा माल एकत्र विरघळला की माग पुसला जातो, हे खरेच आहे. म्हणून माग त्याच्या आधी धरायला हवा. जड मूलद्रव्ये वेगळी करणारे कारखाने जगात मोजकेच, आणि जवळजवळ सगळे चीनमध्ये. मलेशियात लायनस या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०२५ मध्ये डिस्प्रोशियम ऑक्साइड काढले, ते चीनबाहेरचे पहिले व्यापारी उत्पादन. हजारो हौदांवर पहारा बसवणे अशक्य असेल, पण हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या दारांवर कागद तपासणे अशक्य नाही.

हा विषय आताच तातडीचा आहे, कारण नवे साठे उघडत आहेत. ब्राझीलच्या गोयास राज्यात सेरा वर्दे खाणीने २०२४ मध्ये अशा मातीतून व्यापारी उत्पादन सुरू केले. युगांडात माकुटू साठ्याला त्याच वर्षी खाण परवाना मिळाला. मादागास्करच्या अंपासिंदावा द्वीपकल्पावर शेतकरी विरोध करत आहेत. या प्रत्येक ठिकाणी टेकडी म्हणजे आधी माती आहे: तिच्यावर शेती किंवा जंगल, तिच्या पोटात झऱ्यांचे पाणी. परवाना देताना तिचे मोजमाप फक्त धातूच्या टक्क्यांत होऊ नये. पहिले भोक पाडण्याआधी किमान एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा तिथल्या प्रत्येक विहिरीचे आणि झऱ्याचे पाणी तपासून आकडे गावात जाहीर लावावेत. भूजलाची वाट सापडत नसेल, तर परवाना नाकारावा. डागडुजीची पूर्ण रक्कम उत्पादन सुरू होण्याआधी अशा खात्यात ठेवावी, जिथून कंपनीला ती पाण्याचे आकडे मूळ पातळीवर आल्याखेरीज काढता येणार नाही. आणि ते आकडे मोजायला नेमलेल्या माणसाचा पगार कंपनीने देऊ नये.